शिबिरावर कमी, पुढच्या बारा महिन्यांवर जास्त खर्च करा

प्रश्न असा आला आहे: नागपूरच्या मेडिकलमधून पंचवीस वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या डॉक्टरांच्या एका बॅचने स्नेहमेळाव्यात बारा लाख रुपये जमवले. निम्मे गडचिरोली-मेळघाटाकडच्या नर्सेस आणि आशांच्या प्रशिक्षणासाठी, निम्मे टांझानियातल्या एका जिल्हा रुग्णालयासाठी, कारण तिथे त्यांचा एक वर्गमित्र काम करतो. बेत जवळजवळ ठरलाय. दोन्हीकडे तीन-तीन दिवसांचं शिबिर, नागपूरहून पाच-सहा तज्ज्ञ, सरावाच्या बाहुल्या, प्रमाणपत्रं आणि समारोपाला थोडी उपकरणं भेट. ‘यात आणखी काय घालावं?’ असं त्यांनी विचारलंय.

मी आधी यातून बरंच काढून टाकेन. पैसे पुरेसे आहेत, हेतूही चांगला आहे, पण वाटणी उलटी झाली आहे. या बेतात नव्वद टक्के रक्कम त्या तीन दिवसांत संपते आणि चौथ्या दिवसापासून पुढे काहीच उरत नाही. प्रशिक्षणाचं खरं काम चौथ्या दिवशी सुरू होतं.

मी डॉक्टर नाही. नर्सिंगची ट्यूटर म्हणून नोकरी केली, निवृत्त झाल्यापासून विदर्भातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या लेबर रूममध्ये जाऊन शिकवते. मधे काही काळ पूर्व आफ्रिकेतल्या एका मिशन रुग्णालयातही शिकवलं. त्यामुळे बोलणं बाळंतपण आणि नवजात बाळाच्या अंगाने जास्त होईल, तेवढं चालवून घ्या.

एक हिशेब मांडते. शंभर बाळं जन्मली तर पंच्याऐंशीच्या आसपास आपली आपण श्वास घेतात. दहाएक बाळं कोरडी पुसून, पाठ चोळून रडतात. अंबू बॅगने (हाताने दाबून मास्कवाटे हवा देणाऱ्या फुग्याने) श्वास द्यावा लागतो तो तीन ते पाच बाळांना. आता ज्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) महिन्याला दहा बाळंतपणं होतात, तिथे वर्षाकाठी अशी बाळं चार, पाच, फार तर सहा. ड्यूटी पाळीने करणाऱ्या सिस्टर तीन. म्हणजे एकीच्या वाट्याला वर्षभरात एक-दोन बाळं. तो प्रसंग बहुधा रात्रीच येतो, सोबतीला एक मदतनीस बाई असते, डॉक्टर क्वार्टरवर नाहीतर मीटिंगला गेलेले असतात. फेब्रुवारीत शिबिरात शिकलेलं ऑक्टोबरमधल्या त्या एका मिनिटात हाताला आठवायचं असतं. तुम्ही स्वतः वर्षातून एकदाच इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं) केलं असतं तर हात कसा चालला असता, याचा विचार करा. त्या सिस्टरकडून मात्र आपण गृहीत धरतो की एकदा शिकली म्हणजे झालं.

हे माझं एकटीचं मत नाही. ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हा जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाला वाचवायला शिकवणारा अभ्यासक्रम २०१० साली आला. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्यासह अनेकांनी मिळून तो आणला. आपल्याकडचा नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम त्याच्या एक वर्ष आधीचा, २००९ चा, दोन दिवसांचा. टांझानियातल्या आठ रुग्णालयांत हा नवा अभ्यासक्रम राबवला आणि पहिल्या चोवीस तासांतले मृत्यू ४७ टक्क्यांनी घटले, असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण त्याच वर्षी त्याच देशातल्या हायडम नावाच्या ग्रामीण रुग्णालयाचाही अभ्यास आला. तिथे एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं होतं. सात महिन्यांनी पाहिलं तर बाहुलीवर सगळ्यांचे हात आधीपेक्षा चांगले चालत होते, खऱ्या बाळंतपणाच्या वेळी मात्र वागण्यात फरक पडला नव्हता. मग त्यांनी पद्धत बदलली. बाहुली लेबर रूममध्येच ठेवली, कामाच्या मधे मिळतील तशी काही मिनिटं, पण वारंवार, सराव चालू केला. त्यानंतर तिथले मृत्यू खरोखर कमी झाले. रुग्णालय तेच, माणसं बहुतेक तीच.

आपल्या घरचंही उदाहरण आहे. नागपूर परिसर, बेळगाव आणि पश्चिम केनिया या तीन ठिकाणी मिळून या प्रशिक्षणानंतर ज्ञान आणि कौशल्य किती टिकतं ते तपासलं गेलं. ज्ञान बऱ्यापैकी टिकलं. बॅग-मास्कने श्वास देण्याचा हात तेवढा टिकला नाही, उजळणी झाली की पुन्हा वर आला. तोंडी उत्तरं आणि हात या दोन गोष्टी वेगवेगळ्या वेगाने विसरल्या जातात, आणि आपण परीक्षा घेतो ती नेमकी हळू विसरल्या जाणाऱ्या गोष्टीची.

एका लेबर रूममधला प्रसंग सांगते, गाव कुठलं ते सोडून देऊ. सिस्टरला लेखी चाचणीत वीसपैकी अठरा मिळालेले. मी म्हटलं, बॅग काढा, बाहुलीला श्वास देऊन दाखवा. बॅग कपाटात, कपाटाला कुलूप. ‘मॅडम, येते मले सगळं, पण चाबी फार्मासिस्टभाऊकडं रायते.’ भाऊ जेवायला गेलेले. चावी आली, बॅग निघाली ती कंपनीच्या प्लास्टिक पिशवीत, सील न तोडलेली. ‘डेड स्टॉकला लागलेली वस्तू हाय, हरवली तर पगारातून कापतीन.’ मास्क दोन, पण दोन्ही शून्य नंबरचे, म्हणजे कमी दिवसांच्या बाळाचे. पूर्ण दिवसांच्या बाळाला एक नंबर लागतो, तो नव्हताच. शून्य नंबरचा मास्क पूर्ण दिवसांच्या बाळाच्या तोंड-नाकावर नीट बसत नाही, कडेने हवा निसटते. तिने बॅग पूर्ण पंजाने, जोरात, घाईघाईने दाबायला सुरुवात केली. बाहुलीची छाती हलेना. ती आणखी जोराने दाबायला लागली.

यात तिचं काय चुकलं ते शिकवायला दहा मिनिटं लागतात. खांद्याखाली कापडाची घडी, मान किंचित मागे, वास घेताना नाक पुढे येतं तशी. अंगठा आणि पहिलं बोट मास्कवर, उरलेली तीन बोटं हनुवटीच्या हाडाखाली, गळ्याच्या मऊ भागावर नाही. बॅग दोन-तीन बोटांनीच दाबायची. तोंडाने ‘दाब, दोन, तीन’ म्हणत गेलं की मिनिटाला चाळीस ते साठचा वेग आपोआप बसतो. नजर छातीवर. छाती उचलली नाही तर जोर वाढवणं सगळ्यात शेवटी. आधी मास्क पुन्हा बसवा, मान बघा, तोंडातला स्राव काढा, तोंड थोडं उघडं ठेवा. दहा मिनिटांनी तिची बाहुली श्वास घ्यायला लागली. मास्क तेवढा मी पिशवीतून काढून दिलेला, माझा.

तो एक नंबरचा मास्क, कुलपाची चावी आणि डेड स्टॉकची (सरकारी वस्तूंच्या नोंदवहीची) भीती या तिन्ही गोष्टी कुठल्याच शिबिरात शिकवून सुटत नाहीत. वैद्यकीय अधिकाऱ्याशी बोलून बॅग वॉर्मरच्या (बाळाला ऊब देणाऱ्या यंत्राच्या) दांडीला टांगायची परवानगी घ्यावी लागते, बॅग झिजली किंवा हरवली तर सिस्टरच्या माथी मारणार नाही असं रजिस्टरात लिहून घ्यावं लागतं, मास्कचा इंडेंट (मागणीपत्र) टाकून त्याचा पाठपुरावा करावा लागतो. हे काम कोण करणार? जी व्यक्ती दर महिन्याला तिथे जाते ती. तिच्या येण्याजाण्यासाठी तुमचे पैसे हवेत.

म्हणून माझी वाटणी अशी. बारा लाखांतले एक चतुर्थांशापेक्षा कमी पहिल्या वर्गावर. निम्मे, जमल्यास जास्त, वर्षभर फिरणाऱ्या एक-दोन मार्गदर्शक नर्सेसच्या मानधनावर आणि प्रवासावर. बाकीचे मास्क, बॅगचे व्हॉल्व्ह, सक्शनचे फुगे, बाहुलीची दुरुस्ती असल्या चिल्लर वस्तूंवर. बॅचच्या फोटोत वॉर्मर शोभून दिसतो, व्हॉल्व्ह दिसत नाही, हे मला माहीत आहे.

मार्गदर्शक म्हणून तज्ज्ञ डॉक्टर नको, हे जरा स्पष्ट सांगते. एचओडी (विभागप्रमुख) समोर उभे राहिले की एएनएम (उपकेंद्रातली नर्स) मान डोलावते. ‘समजलं का?’ ‘हो सर.’ न समजलेलं विचारलं तर इज्जत जाईल ही भीती, आणि विचारलंच तर उत्तर एसएनसीयूमधल्या (आजारी नवजात बाळांच्या खास कक्षातल्या) यंत्रांच्या भाषेत येतं. तशाच लेबर रूममध्ये वीस वर्षं काढलेली, हातात कला असलेली, जवळच्या ग्रामीण रुग्णालयातली सिस्टर इन्चार्ज किंवा निवृत्त एलएचव्ही (नर्सेसवर देखरेख करणारी पर्यवेक्षिका) आली तर गप्पा मारता मारता चुका बाहेर येतात. तिला गोंडी किंवा माडिया येत असेल, मेळघाटात कोरकू येत असेल, तर सोन्याहून पिवळं. आशांना शिकवायचं तर ते जवळपास अटळच आहे. बाळाच्या आजीला ‘तेल नाकात घालू नका’ हे सांगायचं असतं ते तिच्या बोलीत.

गडचिरोलीत हे सिद्ध होऊन जमाना झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. वजन, ताप, श्वास मोजणं, श्वास अडकलेल्या बाळाला बॅग-मास्क, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून इंजेक्शन. तुलनेची गावं ४७. नवजात मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं, १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते आलं. त्यातूनच पुढे २०११ पासून देशभर आशांच्या घरभेटी आल्या: दवाखान्यात बाळंतपण असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. लोक त्या यशाची गोष्ट सांगताना ‘अडाणी बायांनी करून दाखवलं’ यावर थांबतात. मला त्यातलं पर्यवेक्षण जास्त महत्त्वाचं वाटतं. कुणीतरी नियमित गावात येऊन तिची वही बघत होतं, वजनकाटा तपासत होतं, तिच्यासोबत घरी जात होतं. देशभर पसरताना भेटींचं वेळापत्रक पोचलं. ही सोबत मात्र पातळ झाली. आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक बाईच्या मागे अहवालांचाच इतका ससेमिरा असतो की गावात जाऊन शेजारी बसायला तिला वेळ कुठला.

माणसं जागेवरून हलवण्याचाही विचार करा. उपकेंद्रात एकच एएनएम असते. तिला तीन दिवस नागपुरात बोलावलं की तीन दिवस त्या उपकेंद्राला कुलूप. येण्याजाण्याचा एकेक दिवस धरला तर पाच. त्या पाच दिवसांत कुणाची कळ थांबत नाही. टीए-डीए मिळतो म्हणून काही जणी दर प्रशिक्षणाला येतात आणि ज्यांना गरज आहे त्या कधीच सुटत नाहीत, हा प्रकार विदर्भात आहे तसाच आफ्रिकेत आहे. एकदा सगळ्यांना गोळा करून पहिला वर्ग घ्यायचाच असेल तर तालुक्याला घ्या, एकेक दिवसाच्या दोन बॅचेस करा, पावसाळा आणि धान रोवणीचे आठवडे टाळा. उरलेलं शिक्षण तिच्या खोलीत, तिच्या टेबलावर.

त्यातही एक अडचण दरवेळी आडवी येते. शिकलेली सिस्टर तीन महिन्यांत लेबर रूममधून उचलून ओपीडीत किंवा लसीकरणात टाकतात. तुमच्याकडे देण्यासारखं काही आहे तोवर, म्हणजे पैसे देण्याआधी, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांशी एवढंच ठरवून घ्या: प्रशिक्षित सिस्टरला निदान एक वर्ष लेबर रूममधून हलवायचं नाही. टांझानियातल्या रुग्णालयाच्या मेट्रनशीही हेच बोला. मी पाहिलेल्या त्या मिशन रुग्णालयात नर्सेसची दर काही महिन्यांनी वॉर्ड-बदली व्हायची. मुलींना सगळं यावं हा हेतू चांगलाच, पण लेबर रूममध्ये दर वेळी नवे चेहरे.

उपकरणं भेट देण्याबद्दल थोडक्यात. गरीब देशांतल्या रुग्णालयांतली साधारण चाळीस टक्के उपकरणं बंद पडलेली असतात, असं पाहण्यांतून दिसलंय. सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्त करणारा नाही, वीज वरखाली होते. ज्या वस्तूचा टेक्निशियन तीनशे किलोमीटरच्या आत नाही ती देऊ नका.

औषध आणि साधन शिकवण्याच्या बरोबरीने पोचलं तर काय होतं, त्याचं चांगलं उदाहरण बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचं आहे. आपण सगळे डोळ्याने अंदाज करतो, ‘नॉर्मलच आहे’ म्हणतो, आणि तो अंदाज नेहमी कमी निघतो. २०२३ मध्ये ‘ई-मोटिव्ह’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया, ऐंशी रुग्णालयं. बाईखाली मिलिलिटरच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावायची, रक्त ठरावीक खुणेला पोचलं की एकामागून एक वाट न बघता सगळे उपचार एकत्र सुरू करायचे: गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळणारं औषध), ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव रोखणारं), सलाइन, तपासणी. औषधं एका ट्रेमध्ये तयार. प्रशिक्षण त्याच वॉर्डात, छोटं, पुन्हापुन्हा. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं आणि मृत्यू हे सगळं मिळून प्रमाण ६० टक्क्यांनी उतरलं. खुणांची अशी पिशवी बेळगावच्या मिसोप्रोस्टॉल (रक्तस्राव रोखणारी गोळी) अभ्यासातही होती, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. ई-मोटिव्हमध्ये नवं औषध एकही नव्हतं. पिशवी, ट्रे आणि सराव.

आणि ऑक्सिटोसिन म्हटलं की फ्रिज. दोन ते आठ अंशांत ठेवायचं औषध. मे महिन्यात नागपूर पंचेचाळिसाला टेकतं, चंद्रपूर त्याच्या पुढे, आणि उपकेंद्रातली लाइट दुपारभर गुल. ॲम्प्युल लेबर रूमच्या ट्रेमध्ये आठवडाभर पडून असतात, कारण फ्रिज लसीकरणाच्या खोलीत आणि ती खोली बंद. मग सिस्टर म्हणते, ‘दहा युनिट देऊनही गर्भाशय आवळत नाही.’ तिला तुम्ही रक्तस्रावावर कितीही स्लाइड दाखवा, दोष औषध ठेवण्यातला आहे. तुमच्या मार्गदर्शक नर्सने प्रत्येक भेटीत पहिल्यांदा हेच बघावं: ऑक्सिटोसिन कुठे आहे, तारीख काय, बॅग कुठे टांगली आहे. मग शिकवणं.

आता टांझानिया. विदर्भातली व्याख्यानं तशीच्या तशी उचलून नेऊ नका. साप घ्या. आपलं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनतं. तिकडे पफ ॲडर, ब्लॅक मांबा, थुंकणारे नाग; आपलं इंजेक्शन त्यांच्यावर चालत नाही. हे कागदावरचं भय नाही: घाना आणि चाडमध्ये भारतीय विषावर बनवलेलं प्रतिसर्पविष वापरात आलं तेव्हा सर्पदंशाचे मृत्यू वाढले होते. त्यामुळे ‘आमच्याकडे सर्पदंशाचा दांडगा अनुभव आहे’ या भरवशावर तिथे औषधोपचार शिकवायला जाऊ नये. विषाने रक्त गोठणं बिघडलंय का हे बघायची वीस मिनिटांची चाचणी मात्र दोन्हीकडे तीच. काचेची, कोरडी, स्वच्छ नळी, दोन मिलिलिटर रक्त, वीस मिनिटं हात न लावता ठेवायचं आणि मग एकदा तिरपं करून बघायचं. इथेही साधनच घात करतं. प्लास्टिकच्या नळीत चांगलं रक्तही गोठत नाही, साबणाने धुतलेल्या काचेतही भलताच निकाल येतो. हे आपल्या गावाकडच्या दवाखान्यांतही मी वारंवार पाहिलंय, कारण पुरवठा प्लास्टिकच्या नळ्यांचा असतो. काचेच्या नव्या नळ्यांचं एक खोकं घेऊन दिलं तर शिबिरातल्या एका तासापेक्षा जास्त फायदा होईल.

तुमच्याकडे त्यांना देण्यासारखं खरोखर काय आहे तर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा अनुभव. जगात सिकलसेलची सर्वाधिक बाळं ज्या देशांत जन्मतात त्यांत नायजेरिया, काँगो, भारत आणि टांझानिया पुढे आहेत. नागपुरात ज्याने वैद्यकी केली त्याने रात्री अंग दुखून तळमळणारं सिकलसेलचं पोर पाहिलेलं असतंच. तुमच्या बॅचमधले निम्मे लोक या आजाराबद्दल झोपेत बोलू शकतील. सोल्युबिलिटी चाचणीने गाळणी, मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने पक्कं निदान, हायड्रॉक्सीयुरिया या औषधाचा डोस, रक्तपेशींवर लक्ष ठेवणं, वाहक आणि रुग्ण यातला फरक घरच्यांना समजावणं. २०१९ मध्ये अँगोला, काँगो, केनिया आणि युगांडातल्या मुलांवरचा हायड्रॉक्सीयुरियाचा अभ्यास आला. दुखण्याचे झटके, रक्त चढवण्याची वेळ, मलेरिया आणि मृत्यू, सगळं कमी झालं. फक्त एक लक्षात ठेवा: आपल्याकडचा अरब-भारतीय प्रकार आणि तिकडचे आफ्रिकी प्रकार सारखे वागत नाहीत, तिकडची मुलं लहानपणीच जास्त आजारी पडतात. म्हणून नागपूरच्या वॉर्डातला अनुभव सांगताना त्यांच्या मुलांचे आकडे आधी ऐका.

यासाठी कुणी विमानाने जायची गरज नाही. दर पंधरा दिवसांनी एक तास, व्हिडिओवर, त्यांनी त्यांचे दोन रुग्ण मांडायचे, तुमच्यातल्या एखाद-दोघांनी चर्चेला बसायचं. २००३ मध्ये न्यू मेक्सिकोत संजीव अरोरा यांनी हेपटायटिस सीच्या रुग्णांसाठी ‘प्रोजेक्ट इको’ सुरू केला तो याच धर्तीवर, आज ती पद्धत भारतातही रुळली आहे. टांझानियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणजे आपले संध्याकाळचे पाच ते त्यांचे दुपारचे अडीच. गंमत अशी की स्वाहिली बोलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, घड्याळातले दुपारचे दोन म्हणजे त्यांच्या बोलीत आठ. वेळ तोंडी ठरवू नका, लिहून कळवा आणि सकाळ-दुपार स्पष्ट लिहा, नाहीतर सहा तासांचा घोळ होतो. व्याख्यान देऊ नका. व्याख्यानं यूट्यूबवर ढीगभर आहेत. त्यांना हवं असतं ते ‘या मुलाला हायड्रॉक्सीयुरिया आता वाढवू का थांबू?’ याचं उत्तर. जाणाऱ्या एखाद्याला हौसच असेल तर वर्षाच्या मध्यात एकदा जाऊन या, तोवर ओळख झालेली असेल.

तसाच एक फोन गडचिरोलीकरता ठेवा. बॅचमधल्या बालरोग आणि स्त्रीरोगवाल्यांनी पाळी लावून घ्यावी, नंबर प्रत्येक लेबर रूमच्या भिंतीवर चिकटवावा. रात्री अडीचला उचलला जाईल असा नंबर. हे शिबिरापेक्षा महाग नाही, पण झोप मोडते, त्यामुळे स्नेहमेळाव्यात याला हात वर होतात आणि जुलैत गळतात. आधीच नीट विचार करून हो म्हणा.

पैशांचं कायदेशीर अंग तुमच्या सीएला दाखवा, मी फक्त दोन खड्डे दाखवते. बॅचचा ट्रस्ट असेल आणि त्याला करसवलत असेल तर भारताबाहेर खर्च केलेल्या रकमेला ती सवलत सहसा मिळत नाही, त्यासाठी वेगळी मंजुरी लागते. अमेरिकेतल्या वर्गमित्रांचे पैसे घेताना पासपोर्ट बघा. भारतीय पासपोर्ट असेल तर अडचण नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर, ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी ठरते आणि एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते.

वर्षाअखेरीला मृत्युदराचे आकडे मागू नका. वर्षाला सव्वाशे बाळंतपणं होणाऱ्या केंद्रात एक मृत्यू इकडचा तिकडे झाला की टक्केवारी उलटीपालटी होते, त्यावरून काही कळत नाही. त्याऐवजी न सांगता जा आणि तीन गोष्टी बघा. ड्यूटीवरची सिस्टर बॅग हातात घेऊन बाहुलीच्या छातीची पहिली हालचाल किती सेकंदांत दाखवते. एक नंबरचा मास्क आहे का. सरावाच्या वहीत या आठवड्यातली नोंद आहे का, आणि ती एकाच पेनाने एकाच बैठकीत भरलेली तर नाही ना. प्रमाणपत्र पहिल्या दिवशी वाटू नका. सहा महिन्यांनी असा हात दाखवला तिला द्या. त्या कागदाला सर्व्हिस बुकात फारशी किंमत नसते, तरी बाया तो फ्रेम करून लावतात, म्हणून तो कमावलेला असू द्या.

आणि बारा महिने दर महिन्याला जाणारी व्यक्ती तुम्हाला मिळणारच नसेल, तर स्वतःचं काही उभारू नका. गडचिरोलीत, मेळघाटात, सेवाग्राममध्ये वर्षानुवर्षं हे काम करणारी माणसं आहेत. त्यांच्यापैकी एखाद्या संस्थेला रक्कम द्या, फक्त इमारतीला किंवा बाहुल्यांना नको, एका पर्यवेक्षक नर्सच्या वर्षभराच्या पगाराला आणि गाडीच्या डिझेलला द्या, तसं पत्रात लिहून द्या. पावती घ्या, आणि पुढच्या हिवाळ्यात तुमच्यापैकी दोघं एखाद्या पीएचसीत दुपारी न सांगता जाऊन या.